हरणासाठी लिव्हर रायफल: .३५७ घ्यावी की .४४?

ओहायोतल्या कोलंबसला राहणाऱ्या एका तरुण मित्राचा प्रश्न आहे. तो म्हणतो: "काका, यंदा ग्रीन कार्ड हातात आलं, हंटर एज्युकेशनचा कोर्सही झाला. कोशॉक्टन काउंटीत ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्याच्या रानात बसायची लेखी परवानगी दिली आहे. मला लिव्हर-ॲक्शन रायफलच घ्यायची आहे (चापाभोवतीची कडी पुढे-मागे करून काडतूस आत घेणारी), तीसुद्धा रिव्हॉल्व्हरची काडतुसं चालणारी. .३५७ मॅग्नम घेऊ, .४४ मॅग्नम घेऊ, की .४५ कोल्ट? आणि कुठल्या कंपनीची?"

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. (हे आकडे म्हणजे गोळीचा ढोबळ व्यास, इंचांत.) .४४ मॅग्नम घे. रिकामं काडतूस वरून नाही तर बाजूने बाहेर फेकणारी रायफल घे, म्हणजे मार्लिन १८९४ किंवा हेन्रीची स्टीलची बिग बॉय. तिच्यात २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली गोळी वापर आणि शंभर यार्डांच्या पलीकडे चापाला बोट लावू नकोस. हे उत्तर तुझ्या रानासाठी आणि तुझ्या पहिल्या हंगामासाठी आहे. रान बदललं तर उत्तरही बदलेल, म्हणून पुढचं नीट वाच.

मुळात हरणासाठी रिव्हॉल्व्हरचं काडतूस कशाला, असा प्रश्न पश्चिमेकडच्या कुठल्याही शिकाऱ्याला पडेल. तिकडे लोक लांब पल्ल्याच्या रायफली घेऊन मोकळ्या डोंगरात फिरतात. आपल्या ओहायोची गोष्ट वेगळी आहे. इथे शेताला शेत लागून आहे, टेकडीआड घर असतं, रस्ता असतो. त्यामुळे गोळी दूरवर जाऊ नये म्हणून हरणाच्या शिकारीला वर्षानुवर्षं शॉटगन, ठासणीची बंदूक नाहीतर हँडगन एवढ्यालाच मुभा होती. २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसाची रायफल चालू लागली. सरळ भिंतीचं म्हणजे ज्याची पितळी नळी बुडापासून तोंडापर्यंत सरळ असते, बाटलीसारखी मानेत आवळलेली नसते. गोळीचा व्यास .३५७ पासून .५० इंचापर्यंत. रिव्हॉल्व्हरची बरीचशी जुनी काडतुसं या मापात आपोआप बसतात, आणि ती चालणाऱ्या लिव्हर रायफली दीडशे वर्षं बनत आल्या आहेत. विंचेस्टरने १८७३ मध्ये .४४-४० हे काडतूस रायफलीसाठी काढलं, मग तेच काडतूस रिव्हॉल्व्हरलाही आलं आणि माणूस दोन्ही हत्यारांना एकच पट्टा वापरू लागला. तुला भुरळ पडली आहे ती या जोडीची, हे मी ओळखतो. मलाही पडली होती.

नळीवर कुठला आकडा कोरलेला असावा, हा त्यानंतरचा प्रश्न. आधी हे शोधून काढ की तुझ्या बसायच्या जागेवरून हरीण किती अंतरावर दिसणार आहे. ऑक्टोबरात एका संध्याकाळी नुसता अंतरमापक घेऊन तिथे जाऊन बस. समोरचा ओक किती यार्ड, कुंपणाचा कोपरा किती, ओढ्याची वाट किती, हे एका कागदावर लिही. कोशॉक्टनच्या टेकड्यांमध्ये झाडीत बसलास तर बहुतेक आकडे चाळीस ते ऐंशीच्या मध्ये येतील. कापलेल्या मक्याच्या शेताच्या कडेला बसलास तर दोनशेसुद्धा येतील, आणि मग ही रायफल त्या जागेची नाही. मी माझ्या पहिल्या वर्षी हे मोजलं नव्हतं. पुढे जे झालं ते सांगायला आनंद होत नाही, पण सांगितलंच पाहिजे.

२०१४ चाच हंगाम होता. नियम नुकताच बदलला होता आणि मी हौसेने .३५७ ची कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, घेतली होती. काडतुसं घेताना डब्यावरचा वेग बघितला आणि सगळ्यात वेगवान, १२५ ग्रेनची हॉलो पॉइंट, म्हणजे तोंडाला खड्डा असलेली गोळी उचलली. वेग जास्त म्हणजे मार जास्त, एवढाच हिशेब. गन वीकच्या, म्हणजे बंदुकीने हरणाची शिकार करायच्या आठवड्याच्या, दुसऱ्या संध्याकाळी एक मादी उतारावरून तिरकी चालत आली. मी अंदाजाने साठ यार्ड धरले. ती होती नव्वदच्या आसपास. गोळी खांद्यावर बसली. मादी बसली, उठली आणि ओढ्याच्या दिशेने गेली.

रक्ताचा माग काढणं म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. ओकच्या गळलेल्या पानांवर मुळातच तांबूस ठिपके असतात, आणि बॅटरीच्या उजेडात प्रत्येक ठिपका रक्ताचा वाटतो. ओलं बोट फिरवून बघायचं, बोटाला लाली आली तर पुढे जायचं, नाहीतर पुन्हा मागे. माग शेजारच्या जमिनीत गेला. तिथे मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, म्हणून रात्री नऊ वाजता मी एका अनोळखी घराचं दार ठोठावलं. त्या गृहस्थांनी परवानगी तर दिलीच, वर स्वतः कंदील घेऊन सोबत आले. मध्यरात्रीपर्यंत सापडली नाही. सकाळी सापडली, चारशे यार्डांवर, ओढ्याच्या काठाला, आणि तोवर कोयोटींनी मागचा भाग खाल्ला होता. खांदा उघडून बघितला तेव्हा तांब्याच्या आवरणाचे नखाएवढे तुकडे आणि शिशाचा चुरा खांद्याच्या फऱ्यावरच विखुरलेला दिसला. छातीत काही गेलंच नव्हतं. ती रात्रभर जिवंत होती.

यात रायफलीचा दोष नव्हता आणि काडतुसाचाही नव्हता. ती गोळी घडवलेली असते चार-सहा इंचांच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटून उमलण्यासाठी. लांब नळीत दारूला जळायला जास्त वाव मिळतो, वेग पाच-सहाशे फुटांनी वाढतो आणि तीच गोळी हाडाला लागताच फुटून जाते. तेव्हा हँडगनच्या काडतुसाची रायफल घेताना हे पक्कं लक्षात ठेव की वाढलेला वेग प्रत्येक गोळीला सोसत नाही. डब्यावर स्वसंरक्षण असा उल्लेख दिसला, किंवा गोळीच्या तोंडाला मोठा खड्डा दिसला, तर तो डबा हरणासाठी नाही.

आता .३५७ आणि .४४ समोरासमोर ठेवू. .३५७ मॅग्नम १९३५ चं. त्याची १५८ ग्रेनची गोळी अठरा इंचांच्या नळीतून साधारण १,८०० फूट प्रतिसेकंदाने सुटते, म्हणजे तोंडाशी ११०० फूट-पाउंडांच्या पुढे जोर. शंभर यार्डांवर तो साडेसहाशेच्या आसपास उतरतो. .४४ मॅग्नम १९५५-५६ मधलं. त्याची २४० ग्रेनची गोळी १,७५० च्या आसपास सुटते, तोंडाशी १,६०० च्या वर जोर, आणि शंभर यार्डांवर जवळपास हजार शिल्लक. म्हणजे .४४ शंभर यार्डांवर जे देते ते .३५७ तोंडाशी देते. हजार फूट-पाउंड ही हरणासाठी जुनी ढोबळ रेघ आहे. मी तिला वेदवाक्य मानत नाही, कारण हरीण मरतं ते फुप्फुसातून गोळी आरपार गेल्याने, कागदावरच्या आकड्याने नाही. तरी त्या रेघेने एक गोष्ट नीट कळते: .३५७ मध्ये चुकीला जागा नाही. जनावर बाजू देऊन उभं असेल, अंतर पंचाहत्तरच्या आत असेल, गोळी १५८ किंवा १८० ग्रेनची टणक असेल, तर .३५७ हरीण पाडतं. मी पुढे त्याच कार्बाइनने दोन पाडली आहेत. पण जनावर जरा तिरकं झालं, मध्ये खांद्याचं हाड आलं, की .४४ ची जाड आणि जड गोळी जे करते ते .३५७ ला जमत नाही. पहिल्या हंगामात हरीण तुला हवं तसं उभं राहीलच असं नाही, आणि छाती धडधडत असताना ते तिरकं आहे हे तुझ्या लक्षातही यायचं नाही. .४४ चा धक्का साडेसहा पाउंडांच्या रायफलीत खांदा दुखवण्याइतका नसतो. बारा बोअरच्या शॉटगनच्या स्लगच्या (एकसंध जड गोळीच्या) तो निम्म्याहूनही कमी.

.३५७ च्या बाजूने एक खरी गोष्ट आहे: सराव स्वस्त पडतो, कारण .३८ स्पेशलही तिच्यात चालतं. पण .४४ मध्येही .४४ स्पेशल चालतं, जरा महाग एवढंच. ही सौम्य काडतुसं सरावापुरतीच, हरणावर नाही. मिशिगनने २०१४ मध्ये दक्षिण भागासाठी सरळ काडतुसांना परवानगी दिली तेव्हा काडतुसाच्या पितळी नळीची लांबी १.१६ ते १.८० इंच ठरवली होती. .३८ स्पेशलची लांबी १.१५५ इंच, म्हणजे केसाएवढ्या फरकाने बाहेर, आणि .३५७ ची १.२९, म्हणजे आत. रेघ कुठे ओढायची हे तिथल्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं. तिकडे जायचं ठरलं तर मात्र त्या वर्षीचा नियम वाचूनच जा, कारण नियम बदलत असतात.

.४५ कोल्टबद्दल लोक फार प्रेमाने बोलतात आणि ते काडतूस त्या प्रेमाला पात्र आहे. पण नवशिक्याला मी ते सुचवत नाही. ते १८७३ चं आहे, काळ्या दारूच्या जमान्यातलं. अजूनही लोकांकडे शंभर वर्षांपूर्वीच्या बंदुका आहेत, त्या फुटू नयेत म्हणून कारखाने त्याचा दाब सौम्य ठेवतात: .४४ मॅग्नमला ३६,००० पीएसआयची मर्यादा, तर .४५ कोल्टला फक्त १४,०००. मजबूत रायफलीसाठी घरी स्वतः दारू मोजून काडतुसं बनवणारा जाणकार त्यातून .४४ च्या तोडीचं काम काढतो, पण तेच जोरदार काडतूस चुकून १८७३ धर्तीच्या रायफलीत गेलं तर अनर्थ होईल. त्या रायफलीची अंतर्गत कडी हलकी असते. १८९२ ची रचना जॉन ब्राउनिंगची, तिच्यात दोन्ही बाजूंना उभे पोलादी अडसर आहेत आणि ती त्याहून कितीतरी भक्कम. दुकानात दोन्ही सारख्याच सुंदर दिसतात, म्हणून हे सांगतो. .४१ मॅग्नम उत्तम आहे, पण त्याची काडतुसं शोधण्यात हंगाम निघून जाईल.

आणि प्रामाणिकपणे आणखी एक. तुला रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचाच आग्रह नसेल तर ओहायोत सरळ काडतुसांच्या रांगेत आता .३५० लेजंड आहे, .४५० बुशमास्टर आहे, आणि लिव्हर रायफलीतच चालणारं, २०२३ चं .३६० बकहॅमर आहे. ते .३०-३० या जुन्या रायफल काडतुसाच्या पितळी नळीपासून बनवलेलं आहे आणि दीडशे यार्डांपर्यंत .४४ पेक्षा सपाट जातं. मक्याच्या शेताच्या कडेला बसणारा असतास तर मी तेच घे म्हटलं असतं. .४५-७० सुद्धा कायद्यात बसतं, पण पहिल्या वर्षी त्याचा धक्का खाल्ला तर पुढे चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागते, आणि ती सवय सुटायला वर्षं जातात.

आता रायफल. बाजारात मुख्यतः चार वाटा आहेत.

ब्राझीलची रॉसी आर ९२ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हलकी, सोळा इंची नळीची तर जेमतेम पाच पाउंड. रचना ब्राउनिंगच्या १८९२ ची, म्हणजे ताकदीची काळजी नाही. नवीन असताना लिव्हर खरखरते, कडा बोचतात, पण दोनशे-तीनशे बार झाले की मऊ होते. हलकी असल्यामुळे .४४ चा धक्का तिच्यात जास्त जाणवतो. जपानच्या मिरोकू कारखान्यात बनणारी विंचेस्टर ९२ त्याच रचनेची, पण हात फिरवला की कळतं की फिनिशिंग कशाला म्हणतात. किंमतही तशीच. या दोन्हींची अडचण एकच: रिकामं काडतूस वरून उडतं, त्यामुळे रिसीव्हरवर, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारी यंत्रणा असलेल्या धातूच्या खोक्यावर, दुर्बीण बसवता येत नाही.

मार्लिन १८९४ चा रिसीव्हर वरून बंद आहे आणि रिकामं काडतूस बाजूने बाहेर पडतं. २०२० मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतली आणि २०२३ पासून .४४ मधली १८९४ पुन्हा बाजारात आली. या नव्या रायफलींच्या नळीतला, गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा पीळ वीस इंचांत एक फेरा असा आहे. जुन्या मार्लिनचा अडतीस इंचांत एक. २४० ग्रेनच्या गोळीला दोन्ही चालतात, पण ३०० ग्रेनची लांब गोळी जुन्या पिळात नीट फिरत नाही आणि कागदावर आडवी लागलेली दिसते. जुनी मार्लिन घेणार असशील तर जरूर घे, त्यातल्या कित्येक फार गोड चालतात. फक्त काडतुसं घालून लिव्हर किमान वीसदा पूर्ण चालवून बघ आणि डोळ्यासमोर धरून नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी सरळ बसली आहे का ते पाहा. वर्षानुवर्षं वापरलेल्या मार्लिनमध्ये लिव्हरच्या कडेने काडतूस उचलणाऱ्या पाळण्याला खाच पडते, मग दोन काडतुसं एकदम आत शिरू बघतात आणि रायफल अडकते. हरीण समोर असताना ती अडकली की संध्याकाळ संपली.

हेन्री बिग बॉयची लिव्हर सर्वांत मऊ चालते, अगदी दुकानातून आणल्यापासून. पितळी रिसीव्हरची बिग बॉय देखणी आहे, पण पावणेनऊ पाउंड, म्हणजे चार किलोला जरासं कमी. टेकडी चढून गेल्यावर तो देखणेपणा खांद्यावर येतो. स्टीलची घे, ती सात पाउंडांच्या आसपास. तिचाही रिसीव्हर वरून बंद आहे.

दुर्बिणीचा मी इतका आग्रह का धरतो ते सांगतो. ओहायोत सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार करता येते आणि मोठी जनावरं नेमकी त्याच अर्ध्या तासात बाहेर पडतात. रायफलीवर कारखान्यातून येणारी काळी माशी आणि मागची खाच त्या उजेडात दिसेनाशी होते. माशी दिसत नाही म्हणून माणूस मान वर काढतो आणि गोळी हरणाच्या पाठीवरून जाते. एक ते चार पटींची छोटी दुर्बीण त्या वेळेला दहा-पंधरा मिनिटं परत मिळवून देते. दुर्बीण नकोच असेल तर मागे भोकाची चकती लाव. डोळा त्या भोकातून आपोआप मधोमध पाहतो, तुला फक्त माशी सांभाळायची. पन्नाशीनंतर माझी मागची खाच धूसर झाली तेव्हा या चकतीनेच माझे दोन हंगाम वाचवले.

रायफल शंभर यार्डांवर शून्य कर, म्हणजे तिथे गोळी नेमावरच लागेल अशी जुळवून घे. मग पन्नासवर गोळी इंच-दीड इंच वर लागेल, दीडशेवर सात-आठ इंच खाली, आणि दोनशेवर दोन फुटांच्याही खाली. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग जेमतेम आठ इंचांचा. दीडशेवर नेम बरोबर धरूनही गोळी पायाजवळून का जाते, ते यातून समजेल. माझ्या पहिल्या वर्षीच्या नव्वद यार्डांचं दुखणं गोळीच्या उताराचं नव्हतं, पण अंतर अंदाजाने धरायची खोड तीच.

गोळी कुठली हे वर आलंच आहे, पण एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे म्हणून वेगळी सांगतो. लिव्हर रायफलीत काडतुसं नळीखालच्या लांब पोकळीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, एकामागे एक ओळीने बसतात. प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरला, म्हणजे ठोकलं की पेटणाऱ्या बुडाच्या टिकलीला, टेकलेलं असतं. टोक अणकुचीदार आणि कडक असेल तर धक्क्याने ते प्राइमर ठोकू शकतं, आणि मग हातातच स्फोट होईल. म्हणून चपट्या तोंडाची गोळी, किंवा ज्याचं टोक मुद्दाम रबरासारखं मऊ केलेलं असतं असं हॉर्नडीचं लेव्हरेव्होल्यूशन. .४४ मधलं त्याचं काडतूस मी वापरलं आहे आणि हरणाला पुरतं. तरी साधी चपटी २४० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट मला जास्त भरवशाची वाटते: स्वस्त, सगळीकडे मिळणारी, आणि बरगड्यांतून जाताना बहुतेक वेळा दोन्हीकडून भोक पाडणारी. दोन भोकं म्हणजे रक्ताचा माग दुप्पट.

आता भरणं आणि रिकामं करणं. मी कोकणातला. कुडाळजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, भुईमुगावर येणारी डुकरं आणि वानरं हाकायला. दारू ओतायची, गजाने ठासायची, केप लावायची, आणि मग एकच बार. आजोबा म्हणायचे, "बार एकच आसा." तो बार काढून पुन्हा भरेपर्यंत डुक्कर पुढच्या वाडीत पोचायचं. त्यामुळे बार काढण्याआधीचा विचार घरातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडला होता. लिव्हर रायफल त्याच्या अगदी उलट आहे. मनगट हललं की दुसरं काडतूस आत. ओहायोच्या नियमात नळी आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसं भरता येतात, दहा मावत असली तरी. मला तो नियम आवडतो.

खरी जोखीम बार काढताना नसते, न काढता घरी परतताना असते. संध्याकाळ झाली, काही आलं नाही, बोटं थंडीने बधिर, आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, जिवंत काडतूस. जुन्या रचनेच्या रायफलीत घोडा अंगठ्याने धरून, चाप ओढून, सावकाश खाली सोडावा लागतो. अंगठा घसरला की बार. मी ते झालेलं पाहिलं आहे. नळी जमिनीकडे होती म्हणून फक्त माती उडाली. म्हणून घोडा खाली सोडायच्या भानगडीत पडू नकोस. सगळं रिकामं कर. बाजूच्या फटीतून भरायच्या रायफलीत काडतुसं काढायला ती एकेक करून चेंबरपाशी नेऊन बाहेर टाकावी लागतात, आणि प्रत्येक वेळी लिव्हर बंद होते तेव्हा रायफल बार द्यायला तयार असते. हेन्रीत मॅगझिनमधली पितळी नळी पुढून ओढून काढली की मॅगझिनमधली काडतुसं हातात ओतता येतात, चेंबरमधलं एकच लिव्हरने काढायचं. पहिल्या रायफलीला ही सोय मोठी आहे. त्यांच्या नव्या बिग बॉयमध्ये बाजूची फटही आहे आणि नळीही आहे. झाडावरच्या मचाणात बसणार असशील तर रायफल नेहमी रिकामी करून दोरीने वर खेच आणि दोरीनेच खाली सोड, नळी जमिनीकडे ठेवून. रायफल पाठीला लावून शिडी चढू नकोस.

लिव्हर चालवताना एक सवय आधीच लाव. ती पुढे पूर्ण जाईपर्यंत ढकल, मागे पूर्ण येईपर्यंत ओढ, हात न आखडता. हरीण ऐकेल या भीतीने नवशिके ती हळूच अर्धवट चालवतात, रिकामं काडतूस आतच राहतं आणि दुसरं काडतूस त्याच्यावर येऊन बसतं. बार झाल्यावर हरणाने आवाज ऐकलेलाच असतो. रायफल खांद्यावरून न काढता, गाल दस्त्यावर ठेवूनच दुसरं काडतूस आत ने.

सरावाला कागदी जेवणाची ताटली घे, आठ-नऊ इंचांची. बाकावरून नाही, तू जसा रानात बसणार तसा बसून, गुडघ्यावर कोपर टेकून. पन्नासवर पाचपैकी पाच ताटलीत बसले की पंचाहत्तरवर जा, मग शंभरवर. ज्या अंतरावर पाचवी बाहेर गेली, त्याच्या अलीकडचं अंतर हे तुझं यंदाचं अंतर. शंभर आलं तर शंभर, साठ आलं तर साठ. तो आकडा त्या अंतराच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिही आणि त्यापलीकडच्या झाडांवर काट मार. कानांना संरक्षण लावूनच सराव कर. छोटी नळी आणि मॅग्नम काडतूस यांचा आवाज कानाला कायमची इजा करतो.

कायद्याचं थोडक्यात. ग्रीन कार्ड असलेल्याला रायफल घेता येते, दुकानात फेडरल फॉर्म ४४७३ भरून पडताळणी होते. पण तुझ्या ऑफिसातल्या मित्रांना सांग: एच-वन-बी किंवा तशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने सरसकट मनाई आहे. वैध शिकार परवाना हाती असणं हा त्यातला एक अपवाद, आणि त्या परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो. मित्राची रायफल रेंजवर हातात घेण्यापूर्वीसुद्धा हे वकिलाकडून नीट समजून घ्यावं, कारण चूक झाली तर व्हिसाच जाईल. आणि सुट्टीत गावी गेल्यावर हा विषय डोक्यातून काढून टाकायचा. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

गन वीक थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. त्या आठवड्यात केशरी जाकीट अंगावर हवंच, रानाच्या रंगात मिसळणाऱ्या कॅमोफ्लाज कपड्यांवरूनही. मादी मिळाली तर आतडी तिथल्या तिथे काढ, थंडी असली तरी थांबू नकोस. मांडीचं मटण एक रात्र फ्रीजमध्ये उघडं ठेव, मग कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण घालून मंद आचेवर शिजव. त्यात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे घाई केलीस तर चिवट होईल.

रायफलीवर आत्ताच पैसे मोडू नकोस. माझ्याकडे .३५७ ची ती जुनी कार्बाइन आणि .४४ ची मार्लिन दोन्ही आहेत. शनिवारी सकाळी रेंजवर दोन्ही घेऊन येतो, दोन्हींतून दहा-दहा बार काढ आणि ताटल्या शेजारी शेजारी ठेवून बघ. येताना तो अंतराचा कागद आण.